रक्ताचा धडा शिकवताना आपण काय सांगत नाही?



१७ एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन. परिपाठात दिनविशेष वाचताना हे नाव एका ओळीत येतं आणि जातं. तीनच दिवस आधी बाबासाहेबांची जयंती झालेली असते, वर पेपर तपासणं, निकालपत्रकं, ऊन वाढल्यामुळे सकाळची शाळा. हिमोफिलिया म्हणजे काय हे ना वाचणारं लेकरू विचारतं, ना आपण सांगतो. मी यंदा ठरवून वाचन केलं आणि जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवावं असं वाटलं. मत माझं आहे, पटलं नाही तर जरूर वाद घाला.

आधी हा दिवस १७ एप्रिललाच का, ते सांगते. फ्रँक श्नाबेल नावाच्या कॅनडातल्या माणसाचा हा वाढदिवस. त्यांना स्वतःला हिमोफिलिया होता. जगभरच्या रुग्णांना एकत्र आणावं म्हणून त्यांनी १९६३ साली जागतिक महासंघ सुरू केला. १९८७ साली ते गेले, पण हिमोफिलियाने नव्हे. ज्या औषधावर ते जगत होते त्यातूनच एचआयव्ही त्यांच्या शरीरात गेला होता, आणि ते एड्सने गेले. म्हणजे आपण जो दिवस एका ओळीत वाचतो, तो दूषित औषधाने गेलेल्या माणसाचा वाढदिवस आहे.

आता आजाराबद्दल थोडं. आपल्याला खरचटलं की रक्त येतं आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतं. ते थांबवणारे काही घटक रक्तात असतात, त्यांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आठवा फॅक्टर कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. या दुसऱ्या प्रकाराला ख्रिसमस डिसीज असंही म्हणतात. नाताळाशी त्याचा काही संबंध नाही. १९५२ साली ज्या मुलाच्या रक्तात हा प्रकार ओळखला गेला त्याचं नाव स्टीफन ख्रिसमस होतं. पुढे तोही दूषित रक्तातून आलेल्या एचआयव्हीनेच गेला, १९९३ साली. आजाराला नाव देणारा आणि दिवसाला तारीख देणारा, दोघांचा शेवट एकाच कारणाने झाला.

लोकांचा एक गैरसमज असतो की हिमोफिलियाच्या मुलाला टाचणी टोचली तरी तो रक्त वाहून मरेल. तसं नाही. बाहेरच्या लहानशा जखमेपेक्षा आतला रक्तस्राव जास्त वाईट. गुडघा, घोटा, कोपर या सांध्यांत आतल्या आत रक्त साचतं, सांधा फुगतो, गरम लागतो, आणि वेदना अशा की लेकरू पाय टेकवत नाही. असं वारंवार झालं की सांधा कायमचा आखडतो. डोक्याला मार लागला तर वरून काही न दिसताही जिवावर बेतू शकतं.

हा आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो. म्हणून घराघरांत आईला बोल लावला जातो. पण साधारण एक तृतीयांश घरांत आधी कुणालाच हा आजार नसतो, तो नव्यानेच उद्भवतो. आणि जिथे आईकडून आलाय तिथेही तिने काय गुन्हा केला? तिला तरी तिच्या आई-बापाने विचारून दिला होता का? हे सासरच्या माणसांना कुणीतरी सांगायला हवं, आणि खेड्यात ते सांगणारी शिकलेली व्यक्ती पुष्कळदा शाळेतली बाई किंवा गुरुजीच असतात.

किती मुलं असतील अशी? हिमोफिलिया ए साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला होतो असं जगभर मानतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती, त्यात पुरुष ६ लाखांच्या थोडे वर. आता भागाकार तुम्हीच करा. उत्तर शंभराच्या वर येतं. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत धरून जिल्ह्यात असे शंभरच्या वर मुलगे आणि माणसं असायला हवीत. तुम्ही किती पाहिलीत? मी माझ्या नोकरीत एकच पाहिला. बाकीचे काही निदानाशिवाय गेले असतील, काही लंगडत घरी बसले असतील, काही आपल्याच वर्गात मागच्या बाकावर असतील आणि आपण त्यांना 'हा सारखा पडतो, सारखा गैरहजर असतो' म्हणत असू.

मी पाहिलेला मुलगा दुसरीत होता. पहिली-दुसरी म्हणजे दुधाचे दात पडायचं वय, वर्गात रोज एखादा दात पडतोच. बाकीची लेकरं चूळ भरून येतात आणि दात कौलावर टाकायचा म्हणून खिशात ठेवतात. याचं रक्त मधल्या सुट्टीपर्यंत थांबलं नाही. वडिलांना बोलावलं, त्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी आई आली, बाकी बायका गेल्यावर दाराशी थांबून हळूच म्हणाली, "मॅडम, कुणाला सांगू नका, याला रक्ताचं दुखणं हाय. पडलं की लेकराचा गुडघा फुगतोय." आधी एका दवाखान्यात ताप आला म्हणून कमरेत सुई दिली होती तर मांडी आठ दिवस सुजून राहिली, असंही तिने सांगितलं. (हिमोफिलियात स्नायूत इंजेक्शन देत नाहीत. आणि अॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्याही देत नाहीत, त्याने रक्त अजून पातळ होतं.) तिचं 'कुणाला सांगू नका' हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. रक्ताच्या आजाराची एवढी लाज का असावी? याचं उत्तर मला इतिहास वाचताना मिळालं.

आधी या आजाराला औषधच नव्हतं. रक्त चढवायचं, बस. १९६४ साली अमेरिकेत ज्युडिथ पूल या संशोधिकेच्या लक्षात आलं की गोठवलेला रक्तद्रव हळूहळू वितळवला की तळाशी जो साका राहतो त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो. त्याला क्रायो म्हणतात. मग कंपन्यांनी पुढचं पाऊल टाकलं, हजारो माणसांचा रक्तद्रव एकत्र करून त्यातून फॅक्टरची पावडर काढली. बाटलीतली पावडर घरच्या घरी मिसळायची आणि शिरेतून घ्यायची. जी मुलं खाटेला खिळली होती ती शाळेत जायला लागली. पालकांना ते औषध देवासारखं वाटलं असेल तर नवल नाही.

पण 'हजारो माणसांचा रक्तद्रव एकत्र' याचा अर्थ काय, हे आपल्या खेड्यातल्या मुलांना दूध डेअरीवरून लगेच कळेल. वीस घरांचं दूध एका कॅनमध्ये ओततात. एका घरचं नासकं निघालं तर कॅनच्या कॅन नासतो. अमेरिकेत हा रक्तद्रव पैसे देऊन घेत होते, गरजू माणसांकडून, व्यसनी लोकांकडून, तुरुंगातल्या कैद्यांकडूनही. एचआयव्ही आणि काविळीचा विषाणू त्यातून एकेका बाटलीत पोचला, आणि ती बाटली देशोदेशी गेली.

इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात ट्रेलोर नावाची निवासी शाळा आहे, अपंग मुलांसाठीची. हिमोफिलियाची मुलं तिथे शिकायला असायची, कारण शाळेच्या आवारातच सरकारी उपचार केंद्र होतं. आई-बापांनी विश्वासाने मुलं तिथे ठेवली होती. १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलियाची १२२ मुलं त्या शाळेत शिकली. २०२४ साली चौकशीचा अहवाल आला तेव्हा त्यातली जेमतेम ३० जिवंत होती. एका शाळेच्या एका वर्गाचा फोटो डोळ्यापुढे आणा आणि चारातल्या तीन मुलांवर बोट ठेवा.

ही चौकशी सर ब्रायन लँगस्टाफ या निवृत्त न्यायाधीशांनी केली. अहवाल २० मे २०२४ ला प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये ३० हजारांहून जास्त लोकांना दूषित रक्तातून आणि रक्तापासून केलेल्या औषधांतून संसर्ग झाला, सुमारे ३ हजार मेले. रक्तस्रावाचे विकार असलेल्या सुमारे १,२५० जणांना एचआयव्ही झाला, त्यात साधारण ३८० मुलं होती. अहवालात म्हटलंय की हे टाळता आलं असतं, आणि नंतर ते झाकून ठेवलं गेलं. ट्रेलोरमधल्या मुलांवर त्यांना आणि पालकांना पुरतं न सांगता संशोधनही केलं गेलं. पंतप्रधानांनी त्याच दिवशी संसदेत माफी मागितली. चाळीस वर्षांनी! तोवर मुलंही नव्हती आणि पुष्कळांचे आई-बापही नव्हते.

फ्रान्समध्ये, जपानमध्येही असंच झालं. आणि एक गोष्ट आपण आशियातल्या लोकांनी विसरू नये. औषध तापवून घेतलं की एचआयव्ही मरतो हे कळल्यावर अमेरिकेत १९८४ पासून तापवलेलं औषध विकायला सुरुवात झाली. पण बायर कंपनीच्या कटर या विभागाने जुना, न तापवलेला माल त्यानंतरही वर्षभर आशिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांत विकला, हे २००३ साली न्यूयॉर्क टाइम्सने कागदपत्रांसह छापलं. जे स्वतःच्या लेकरांना नको, ते दुसऱ्यांच्या लेकरांना चालतं!

मग आपल्या देशात काय झालं? खरं सांगायचं तर, आपल्याकडच्या काही मुलांना गरिबीने वाचवलं. परदेशी फॅक्टर इतकं महाग होतं की ते परवडणारी घरं मोजकी. बाकीच्यांना रक्त, रक्तद्रव नाहीतर क्रायोच मिळायचं. म्हणून पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हिमोफिलियाच्या रुग्णांत एचआयव्ही कमी पसरला. पण ज्यांनी इथलं रक्त घेतलं त्यांना काविळीच्या विषाणूंनी गाठलं. रक्ताची एचआयव्ही तपासणी आपल्याकडे १९८९ च्या सुमाराला सक्तीची झाली, हिपॅटायटिस सी ची तर २००० नंतर. तोवर पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचा धंदाच होता. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्री बंद झाली. म्हणजे माझ्या वयाचे शिक्षक प्राथमिक शाळेत होते तोवर या देशात रक्त रीतसर विकलं जात होतं.

त्याच काळातली गोव्याची गोष्ट सांगते. पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा हे नेहमी रक्तदान करणारे तरुण. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत ते एचआयव्ही बाधित निघाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना उचललं आणि एका रिकाम्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. गुन्हा कोणता? रक्तदान केलं, एवढाच. त्यांची आई, मित्र आणि वकील न्यायालयात लढले तेव्हा सुटका झाली. पुढे त्यांनी बाधितांसाठी काम सुरू केलं, आणि १९९२ साली ते गेले.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण दूषित रक्ताचं मूळ फक्त बाटलीत नाही, भीतीत आहे. ज्या समाजात खरं बोललं की कोंडून ठेवतात, तिथे रक्त देणारा फॉर्मवर खरं लिहील का? 'कुणाला सांगू नका' म्हणणारी ती माउली चुकीची नव्हती. तिने जग पाहिलं होतं.

हे सगळं जुनं झालं, आता तर तपासण्या आहेत, असं तुम्ही म्हणाल. मे २०२२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, नागपुरात, थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याचं समोर आलं. त्यातलं एक लेकरू गेलं. थॅलेसेमिया हा वेगळा आजार, त्यात मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. पण अडकण्याची जागा तीच, जगायचं तर दुसऱ्याचं रक्त घ्यायचं आणि ते स्वच्छ असेल यावर विश्वास ठेवायचा. त्याआधी २०११ मध्ये गुजरातेत जुनागढला थॅलेसेमियाची २३ मुलं बाधित निघाली होती. आणि माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २,२३४ जणांनी आपल्याला रक्तातून एचआयव्ही झाल्याचं सांगितलं, त्यात महाराष्ट्रातले २७६. हा आकडा लोकांनी तपासणी केंद्रात स्वतः सांगितलेल्या माहितीवरचा आहे, प्रत्येक प्रकरण तपासून सिद्ध केलेला नाही, हेही लिहिलं पाहिजे. पण निम्मा धरला तरी तो लहान आहे का?

तपासणी असूनही असं का होतं? नवा संसर्ग झाल्यावर काही दिवस ते काही आठवडे विषाणू नेहमीच्या चाचणीत सापडतच नाही. याला 'विंडो पिरियड' म्हणतात. नॅट नावाची चाचणी विषाणू लवकर पकडते, पण ती महाग आहे आणि सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही. तीसुद्धा ती खिडकी लहान करते, पूर्ण बंद करत नाही. उरलेली फट बंद करू शकतं ते फक्त रक्तदात्याचं खरं बोलणं. आणि इथे आपला, म्हणजे शाळेचा संबंध येतो.

आपण मुलांना 'रक्तदान श्रेष्ठदान' शिकवतो. घोषवाक्यं लिहून घेतो, प्रभातफेरी काढतो, चित्रकला स्पर्धा घेतो. चांगलंच आहे. महाराष्ट्र रक्तदानात देशात पुढे आहे तो उगाच नाही. पण घोषवाक्यात रक्ताचा थेंब नेहमी शुद्ध आणि दाता नेहमी महान असतो. रक्त देण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो, त्यात प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं खरी द्यायची असतात, हे आपण शिकवतच नाही. शिबिरात काय चालतं ते तुम्हीही पाहिलंय. नेत्याचा वाढदिवस असतो, मंडप असतो, डीजे असतो, रक्त दिलं की टिफिन डबा, हेल्मेट नाहीतर पाण्याचा जार मिळतो. पोरं घोळक्याने येतात, एकाने फॉर्म भरला की बाकीचे तसेच टिक करतात. आदल्या महिन्यात जत्रेत हातावर टॅटू काढलेला असतो. नियम असा आहे की टॅटू काढल्यावर वर्षभर रक्त द्यायचं नाही. मित्रांसमोर 'मी आज देऊ शकत नाही' म्हणायची त्या पोराची हिंमत होत नाही, कारण न देणं म्हणजे घाबरणं असं आपणच त्याला शिकवून ठेवलंय.

माझं मत असं की 'आज मी रक्त देणार नाही' हेसुद्धा एक दान आहे, आणि ते शाळेत शिकवलं पाहिजे. यावर एका सहकारी सरांनी शिक्षण परिषदेत मला विचारलं, "मॅडम, असं शिकवलं तर लोक रक्तदान करायचं सोडून देतील. आधीच उन्हाळ्यात रक्त मिळत नाही." मुद्दा खोटा नाही. मे महिन्यात रक्तासाठी धावाधाव होते हे मलाही माहीत आहे. पण मी त्यांना म्हटलं, सर, भेसळ होते म्हणून सांगितलं तर लोक दूध प्यायचं सोडत नाहीत, दूध पारखून घेतात. रक्त घेणारा मात्र पारखू शकत नाही, तो बेशुद्ध असतो नाहीतर चार वर्षांचा असतो. त्याच्या वतीने पारखायचं काम देणाऱ्यानेच करायला हवं. सरांचं पूर्ण समाधान झालं नाही. चहा आला, विषय तिथेच राहिला.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो, लहान मुलांना एचआयव्हीचं कशाला सांगता? चौथीच्या मुलाला सगळं सांगायची गरज नाही. 'रक्तातून काही आजार जातात, दिसत नाहीत, म्हणून कुणाचं रक्त उघड्या हाताने पुसायचं नाही, कुणाची सुई, ब्लेड वापरायची नाही, आणि हात धरल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, एका बाकावर बसल्याने ते होत नाहीत', एवढं पुरे. यातलं शेवटचं सगळ्यात आधी सांगा. कारण त्याची किंमत शाळांनी चुकवलेली नाही, मुलांनी चुकवली आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावचा रायन व्हाइट हा हिमोफिलियाचा मुलगा, औषधातून बाधित झाला. १९८५ मध्ये त्याच्या शाळेने त्याला वर्गात घेतलं नाही. तो घरून फोनवर वर्ग ऐकायचा. विचार करा, तेरा वर्षांचं पोरगं कानाला फोन लावून आपल्याच वर्गाचा आवाज ऐकतंय. १९९० साली अठराव्या वर्षी तो गेला.

अमेरिका लांब वाटत असेल तर लातूर घ्या. औसा तालुक्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी एचआयव्ही बाधित मुलांसाठी सेवालय सुरू केलं. २००९ साली ही मुलं गावच्या जिल्हा परिषद शाळेत बसायला लागली तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं थांबवलं. आपल्याच मराठवाड्यात, आपल्यासारख्याच शाळेत, आपल्यासारख्याच शिक्षकांसमोर. आज एचआयव्ही प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ आहे, तो २०१८ पासून लागू आहे. बाधित मुलाला शाळेत भेदभावाने वागवता येत नाही आणि त्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. किती मुख्याध्यापकांना हा कायदा माहीत आहे, ते पुढच्या परिषदेत हात वर करून विचारा.

आता हिमोफिलियाच्या औषधाकडे परत येते, कारण माझ्या दृष्टीने आजचा खरा प्रश्न तिथे आहे. आज जे फॅक्टर मिळतं ते विषाणू मारून शुद्ध केलेलं असतं किंवा माणसाच्या रक्ताशिवाय प्रयोगशाळेत तयार केलेलं असतं. आता त्वचेखाली टोचायचं एमिसिझुमॅब नावाचं इंजेक्शनही आलं आहे, ते रक्तापासून बनतच नाही. म्हणजे ट्रेलोरच्या मुलांना जे मिळालं नाही ते सुरक्षित औषध आज अस्तित्वात आहे. पण ते कपाटात असलं पाहिजे ना! जिल्ह्याच्या ठिकाणी फॅक्टर संपलं की काय होतं? बाप लेकराला उचलून एसटीने नांदेड गाठतो, नाहीतर संभाजीनगर, नाहीतर मुंबईचं केईएम. तेवढा वेळ किंवा पैसा नसेल तर जवळच्या दवाखान्यात रक्तद्रव चढवतात. रक्तद्रव म्हणजे परत दुसऱ्याचं, विषाणू न मारलेलं. चढवणाऱ्या डॉक्टरांचा दोष नाही, समोर रक्तस्राव चालू असताना जे हाताशी आहे तेच ते देणार. म्हणून मी म्हणते, औषधाचा तुटवडा म्हणजे केवळ लेकराला चार दिवस जास्त दुखणं नव्हे, तो १९८० च्या काळातला धोका आजच्या लेकरापुढे परत आणून ठेवणं आहे. ज्या कुणाच्या टेबलावर ती मागणीची फाइल थांबते त्याला हे कळलं पाहिजे. पालकांनी एकेकट्याने विनवण्या करून ते होणार नाही. गावातल्या ज्या लोकांना निवेदन लिहिता येतं त्यांनी लिहिलं पाहिजे, आणि निवेदन कुणाला लिहिता येतं हे आपल्याला माहीतच आहे, मतदार यादीपासून पशुगणनेपर्यंत सगळं आपणच लिहितो.

पालकांनो, तुमच्यासाठी थोडं. लस टोचल्यावर गाठ येऊन राहणं, रांगायला लागल्यावर अंगावर निळे-काळे डाग, सुंता केल्यावर किंवा दात पडल्यावर रक्त न थांबणं, कारण नसताना गुडघा सुजणं, यातलं काही दिसलं तर 'उष्णता असेल' म्हणून सोडून देऊ नका. जिल्हा रुग्णालयात जाऊन रक्त गोठण्याची तपासणी करा म्हणा. शाळेत आरबीएसकेचं पथक येतं तेव्हा त्या डॉक्टरांना मुद्दाम सांगा. मामाला, मावशीच्या मुलाला असा त्रास होता का हे आजीला विचारा, आजीला सगळं माहीत असतं. आणि निदान झालं की शाळेला सांगा. सगळ्या गावाला नको, पण वर्गशिक्षकाला आणि मुख्याध्यापकाला सांगा.

आणि शिक्षकांनो, त्यांनी सांगितलं की ते आपल्यापाशीच राहिलं पाहिजे. स्टाफरूममध्येसुद्धा नाही. त्या मुलाला खेळाच्या तासाला कायम झाडाखाली बसवू नका. कबड्डी, कुस्ती नको, पण चालणं, पोहणं, कॅरम, बॅडमिंटन त्याच्या डॉक्टरांना विचारून चालतं, स्नायू मजबूत असले तर सांधे वाचतात. लागलं तर खेळ थांबवा, लागलेला भाग वर ठेवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, हलकं दाबून बांधा आणि पालकांना फोन करा. डोक्याला लागलं असेल तर बर्फात वेळ घालवू नका, थेट रुग्णालय. छडी तर कुणालाच नको.

कागदाचं एक काम राहतंच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तिन्ही आहेत. आपण यू-डायस भरताना दिव्यांग म्हणजे डोळे, कान, हात-पाय एवढंच पाहतो, म्हणून ही मुलं नोंदीतच येत नाहीत. नोंद नाही म्हणजे प्रमाणपत्राकडे कुणी पाठवत नाही, सवलत नाही, आणि जिल्ह्याला किती औषध लागेल याचा आकडाही वर जात नाही. आपल्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना विचारलंत तर ते प्रमाणपत्राची वाट सांगतील.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं प्रमाणपत्र दोन फेऱ्यांत झालं. तो आता पाचवीत गेला आहे. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर वडिलांचा नंबर, रक्तगट आणि 'फॅक्टर ८' एवढं लिहिलेलं असतं. तुमच्या वर्गात असं कुणी असेल, किंवा तुमच्या भागात फॅक्टर मिळायला अडचण येत असेल, तर मुलाचं नाव न लिहिता फक्त तालुका आणि अडचण कळवा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर निवेदन एकत्र करून द्यायचा विचार आहे.